जांभळ्या विंचवाच्या उड्या

पडद्यावर जांभळ्या विंचवाने तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली आणि ओब्दुलियाने नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"हीच ना? खांदा निखळला होता ती?"

"हळू बोल गं," नाबोर पुटपुटला.

ती कसली हळू बोलते! मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातलं ते जुनं थिएटर आज खच्चून भरलं होतं. नामवंत नट दॉन एवेलियो पंच्याऐंशी वर्षांचा झाला म्हणून त्याचे अगदी सुरुवातीचे दोन सिनेमे एका तिकिटात लागले होते. दोन्हींत तो जांभळा मुखवटा घातलेला पैलवान. नाव त्याचं, टाळ्या त्याच्या. एकूण एक उडी मात्र नाबोरची होती, आणि हे त्या थिएटरात तिघांनाच ठाऊक होतं.

मुखवट्याखाली कोण, हे मरेपर्यंत सांगायचं नाही, हा आखाड्यातला रिवाज. नाबोर मूळचा आखाड्यातला. त्याने पन्नास वर्षं तोंडाला कुलूप घातलं, आणि ओब्दुलियाने ती पन्नास वर्षं त्याच्या पाठीला तेल चोळण्यात काढली. त्या पाठीचा तिला फार अभिमान होता. ती पाठ जगाने दुसऱ्याच्या नावावर लावली, याचा तितकाच संताप. आज भर थिएटरात उभं राहून खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती आली होती. त्यासाठी बहिणीकडून कानातले मागून आणले होते.

मध्यंतर झालं. ती उठणार तोच नाबोरने तिचा हात धरला.

"चल, घरी जाऊ. गुडघा ठणकतोय."

"आणि दुसरा सिनेमा?"

"भिकार आहे तो. म्हणून तर तेव्हाही तुला नेलं नाही."

"म्हाताऱ्या, गच्चीवरून उडी मारताना घाबरला नाहीस, आणि आता खुर्चीत बसायला घाबरतोस? बस गुपचूप." तिने त्याच्या हातात तिखट-लिंबू लावलेल्या शेंगदाण्यांची पुडी कोंबली. तो बसला. पुडी तशीच राहिली.

दुसऱ्या सिनेमात उड्या कमी आणि पाताळराणी जास्त होती. विंचू येता-जाता तिची चुंबनं घेत होता.

"बघ, बघ तुझा एवेलियो!" ओब्दुलिया फणकारली. "हाडं मोडायला तू, आणि असल्या कामाला बरा हा पुढे!"

नाबोर खुर्चीत आणखी खाली सरकला.

दिवे लागले. ओब्दुलियाने पदर खोचल्यासारखी शाल आवळली, पण तिच्याआधी पडद्यासमोर येऊन एवेलियोनेच माइक हातात घेतला.

"मंडळी, माझे आता थोडेच दिवस राहिलेत. रिवाज मोडला तर मोडला. त्या उड्या मारणारा मी नव्हेच. तो आमचा नाबोर, तो बघा तिथे बसलाय! प्रत्येक उडी त्याची, आणि प्रत्येक उडी पहिल्याच टेकला ओके!"

अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. नाबोरलाही लोकांनी उभं केलं. ओब्दुलियाला रडू आवरेना. तिने मनातल्या मनात एवेलियोला सगळं माफ केलं आणि तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

"आणि आता सगळंच सांगतो," एवेलियो रंगात आला होता. "माझं नुकतंच लग्न झालेलं. परक्या बाईला हात लावलास तर घरात घेणार नाही, असं बायकोने बजावलेलं. मुखवटा होताच! मग पाताळराणीसुद्धा मी नाबोरच्याच गळ्यात घातली!"

थिएटर हसून हसून कोसळलं. ओब्दुलियाच्या टाळ्या थांबल्या. तिने शांतपणे डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली.

"उड्या पहिल्याच टेकला ओके," ती म्हणाली. "आणि पाताळराणीला किती टेक लागले?"

नाबोरने छताकडे पाहिलं. पण रिवाज आता मोडलाच होता.

"एकोणीस," तो म्हणाला.