नासपतीची वाटणी

“मध घातलाय तुम्ही यात.” युथिंगने रस चाखून चमचा वाटीत टाकला.

“खडीसाखर आहे गं नुसती,” सासूबाई म्हणाल्या. एका फटक्यात कबूल करतील त्या सासूबाई कसल्या! वाटीत अख्खी वाफवलेली नासपती होती, पोट कोरून आत खोकल्यावरच्या कंदाची पूड भरलेली. युथिंगच्या मांडीवर सात महिन्यांचा शितोउ खोकून खोकून लालबुंद झाला होता.

“आई, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही. डॉक्टरांनी तुमच्यासमोर बजावलंय. बाळाच्या जिवावर बेतू शकतं.”

“बरं, घातला चमचाभर! विष तर नाही ना घातलं? तुझ्या नवऱ्याला मी तिसऱ्या महिन्यापासून चाटवलाय. मेला का तो?” सासूबाईंनी हात पुढे केले. “आण पोराला इकडे. तुम्हा शिकलेल्यांना नुसतं वाचता येतं, खोकला थांबवता येत नाही.”

तिचा नवरा पेईवन टेबलाशी फोनमध्ये डोकं खुपसून बसला होता. “भरव ना दोन घास,” तो म्हणाला. “आईने सकाळपासून खपून केलंय.”

असल्या नवऱ्याचं काय करावं? युथिंगने बाळाला कडेवर घेतलं. मऊ शिजलेली नासपती चमच्यानेच मधोमध तोडली, अर्धी बशीत घालून नवऱ्यासमोर आदळली आणि उरलेली स्वतः खायला लागली.

“खा. आईंचे कष्ट वाया जायला नकोत.”

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या आनहुई प्रांतात नवरा-बायको एक नासपती कधी वाटून खात नाहीत. नासपती वाटणं आणि ताटातूट होणं, आमच्या बोलीत दोन्हींचा उच्चार अगदी एक.

“खाऊ नकोस रे!”

“काहीतरीच तुझं, आई,” म्हणत पेईवनने चमचा तोंडाकडे नेला. सासूबाईंनी त्याच्या हातावर असा फटका मारला की चमचा, बशी, नासपती, सगळं फरशीवर पडलं. चिकट रस त्याच्या शर्टावर उडाला.

“अगं, वेड लागलंय का तुला? हे असलं काही खरं असतं?”

“नसेल!” सासूबाई म्हणाल्या. “पण मला एकच पोर आहे. खरं की खोटं, ते त्याच्यावर नाही आजमावून बघायचं मला.”

“मलाही एकच आहे, आई,” युथिंग म्हणाली.