तीस वर्षांचा पाइप

पुसेगाव रस्त्यावरची वस्ती नुकतीच शहराच्या हद्दीत आली होती. नव्या नळयोजनेसाठी मिना घरोघरी माणसं मोजत होती.

"घरात किती जण, आजी?"

"तिघं," सत्तरीच्या सुमनबाई म्हणाल्या. आत सून खुदकन हसली.

"खरं सांगा. यावरून पाणीपट्टी वाढणार नाही. उलट माणसं कमी लिहिली, तर पाइप बारीक टाकतील. मग तीस वर्षं तोच."

"तीस वर्षं?" सुमनबाई बोटांवर मोजू लागल्या. "पोरगा, सून. दोन नातू. त्याह्यच्या दोन बायका येतील. त्याह्यची चार लेकरं धर. दहा लिही."

"मला फक्त आजची माणसं हवीत, आजी. पुढचा अंदाज ऑफिसात सूत्रानं काढतात."

"तुमच्या सूत्राला माझे नातू काय ठाऊक? दहाच लिही."

मिनानं मनातल्या मनात पुन्हा मोजलं.

"या दहांत तुम्ही नाही."

"आता काय बोलावं या पोरीला," सुमनबाई आत बघत सुनेला म्हणाल्या. "सोताच म्हणली, तीस वर्षं."