मधला दांडका

चाळीस वर्षं क्लबच्या काठ्यांनी बिलियर्ड्ससारखा पूल खेळलेल्या लिरॉयला एकदाची स्वतःची काठी करून घ्यायची होती. मिलवॉकीतला कारागीर सहा आठवड्यांत देत होता, तरी बायकोला घेऊन दोन तास गाडी हाकत तो काठ्या घडवणाऱ्या म्हाताऱ्या टेशकडे आला.

टेशने मेपलच्या लाकडाचे तीन ओबडधोबड दांडके समोर ठेवले. लिरॉयने एकेक वाजवून पाहिला आणि मधला उचलला.

"तो पुरता वाळलेला नाही," टेश म्हणाला. "थोडा तासायचा, महिनोन्महिने टांगून ठेवायचा, परत तासायचा. चार वर्षं लागतील. घाई असेल तर मिलवॉकीत आहेच तो, सहा आठवडेवाला!"

"ऐक ना, आपण तिकडेच जाऊ," मार्लिसने नवऱ्याची बाही ओढली.

"हाच हवा," लिरॉय म्हणाला. त्याच्या आवाजात ना हट्ट होता, ना आनंद.

टेशने खांदे उडवले आणि दांडक्यावर पेन्सिलीने लिरॉयचं नाव आणि चार वर्षांनंतरची तारीख लिहिली. मार्लिस तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली.

* * *

"फार तर हा हिवाळा निघेल," असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून लिरॉयला पुढची तारीख देणारा टेश हा पहिलाच माणूस होता.