ओली मूठ

गारांच्या इशाऱ्याचं तांबडं निशाण अजून उतरलं नव्हतं. महानंदाने पुन्हा वर पाहिलं. काळा ढग गावावर ठाण मांडून होता, आणि तिच्या अप्पांचा देह लिंगायत रीतीने समाधीच्या खड्ड्यात बसवलेला, मूठमातीवाचून.

ढग असेल तोवर धूळ उडवायची नाही, हा नियम अप्पांनीच गावाला लावला होता. वर गेलेल्या धुळीच्या कणाभोवतीच बर्फ धरतं आणि गारा होऊन द्राक्षांवर पडतं, हे ते घसा फोडून सांगत. या नियमापायी त्यांनी शेजारच्या बसलिंगकाकांची मळणी बंद पाडली, स्वतःच्या लेकीच्या लग्नात घोडा नाचू दिला नाही. पण अकरा वर्षांत गावात गार पडली नव्हती.

मूठमाती कोरडीच द्यायची रीत. दिवस कलला, तसा महानंदाचा धीर सुटला. तिने ढिगातली भुरभुरीत माती मुठीत घेतली.

"एका मुठीनं काय होतंय?"

बसलिंगकाकांनी तिचं मनगट धरलं.

"मळणीच्या वेळी मीपण हेच म्हणायचो, पोरी. अकरा वर्षं भांडला माझ्याशी. आज त्याला हरवू नकोस."

त्यांनी स्वतः पाण्याची घागर आणली आणि मातीच्या ढिगावर ओतली. एकेकाने ओली मूठ दिली, धूळ उडाली नाही.

शेवटी महानंदाने खड्ड्यावर हात धरला आणि मूठ उघडली. चिखल तळव्याला घट्ट चिकटला होता. तिने हात झटकला, पुन्हा झटकला. माती सुटेना.