मुक्कामाचा पहिला नंबर

"साहेब, अर्ज भरा. परवानगी उद्या मिळेल," किल्ल्याच्या दरवाजावर मी पाहुण्यांना सांगितलं.

वीस वर्षं मी इथे तिथल्या तिथे तिकिटं फाडून दिली. मग नवं पर्यटन धोरण आलं आणि परवानगी दुसऱ्या दिवशी मिळायला लागली. पर्यटक शिव्या घालत लॉजवर राहू लागले. मुक्काम वाढले म्हणून सरकारने आमच्या शहराला पर्यटनात पहिला नंबर दिला.

आजचे पाहुणे शेजारच्या शहराचे अधिकारी. आमचा नंबर कसा आला, ते शिकायला आलेले.

"म्हणजे आम्ही उद्यापर्यंत इथेच बसायचं?" मोठे साहेब कडाडले.

"सगळे राहतात, साहेब. समोरच लॉज आहे."

साहेब लॉजकडे बघत राहिले. मग शांतपणे सोबतच्या कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. आपल्याकडे परवानगीला तीन दिवस."