लुकलुकत्या उजेडात

धाकटीने यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवली, तरी तिची बडबड काही थांबेना. तपासायला निरोगी माणूस हवं होतं ना, मग माझ्यासारखी गाय आयती दावणीला आली की नाही, असं ती ताईला ऐकवत होती. ताईने तिला डोळा हलवू नकोस म्हणून दटावलं.

ताई या दवाखान्यात डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांवर संशोधन करायची, आणि आजाऱ्यांच्या डोळ्यांशी ताडून बघायला तिला निरोगी डोळे लागत. आज ज्याला बोलावलं होतं तो आलाच नाही. धाकटी ऑपरेशनआधीच्या शेवटच्या तपासणीसाठी दवाखान्यात आली होती, तिलाच ताईने खोलीत ओढलं. येत्या सोमवारी ती बाबांना किडनी देणार होती. ताईला साखरेचा आजार, त्यामुळे तिचं नाव आधीच बाद झालं होतं. धाकटी मात्र शाळेत खेळ शिकवणारी, अंगाने काटक. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या.

या तपासणीत सुई नाही, टोचणं नाही. बाहुली मोठी करायला थेंब घालायचे आणि डोळ्यात बघत बसायचं. समोर उजेड लुकलुकला की डोळ्याला जास्त रक्त लागतं, आणि चांगली रक्तवाहिनी आपसूक किंचित रुंदावते. नुसत्या नजरेला ते कळतही नाही, पण पडद्यावरची रेघ वर चढते.

उजेड लुकलुकू लागला. रेघ चढली नाही.

धाकटी हलली असेल म्हणून ताईने पुन्हा केलं. मग दुसरा डोळा घेतला. रेघ तशीच आडवी. यंत्र बिघडलंय म्हणावं, तर सकाळी आलेल्या बाईची रेघ व्यवस्थित चढली होती.

"काय गं, भूत बसलंय का डोळ्यात?" धाकटीने विचारलं.

ताईने तिला सगळं सरळ सांगितलं. रक्तवाहिन्या रुंदावत नाहीयेत. एवढ्यावरून आजार ठरत नाही, पण किडनीतही अशाच बारीक रक्तवाहिन्या असतात, तिथेही काहीतरी सुरू झालेलं असू शकतं. आणि तसं असेल तर उरलेल्या एका किडनीवर तुला आयुष्य काढायचंय.

धाकटीचं हसू मावळलं. बाकीचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, ही तपासणी कुणी मागितलेलीही नव्हती, हे पुसून टाक, असं ती म्हणाली. ताईने काही पुसलं नाही. मग धाकटी हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा किती विनवण्यांनी तयार झालेत, माहितीये ना तुला? पोरीच्या पोटावर सुरी चालवून मला जगायचं नाही म्हणत होते. आता थांबलं, तर परत हो म्हणणार नाहीत ते."

ताईला हे माहीत होतं. सकाळीच ती बाबांना भेटून आली होती. कित्येक महिन्यांनी त्यांनी दाढी केली होती, आणि बरं झाल्यावर घराला कुठला रंग द्यायचा ते बोलत होते.

तिने फोन धाकटीपुढे धरला. डोळा तुझा आहे, तूच किडनीच्या डॉक्टरांना सांग, म्हणाली.

धाकटीने फोन घेतला. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो परत दिला.

"थेंबांमुळे अक्षरं दिसत नाहीयेत. तूच लाव."

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. सोमवारचं थांबवू, म्हणाले. हिच्या सगळ्या तपासण्या नव्याने करू, मग काय ते ठरवू. वडिलांना मी सांगू का, असंही त्यांनी विचारलं. नको, आम्हीच सांगतो, असं ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. धाकटीने ओढणीने डोळे पुसले, स्टूल पुढे सरकवलं आणि हनुवटी पुन्हा पट्टीवर टेकवली.

"अजून एकदा कर, ताई. मघाशी माझं लक्ष नव्हतं. या वेळी मी नीट बघते."

नीट बघण्याने काही होत नाही, हे ताईच्या ओठांवर आलं होतं. ती उठली, खोलीतला दिवा मालवला आणि यंत्र सुरू केलं. लुकलुकत्या उजेडात धाकटी श्वास रोखून, डोळे ताणून समोर बघत होती. ताईने पडद्याकडे पाहिलंच नाही.