फोर्कवरचा वाढदिवस

"अजून वर घे ना काका, पब्लिकला दिसलं पाहिजे!" दिपेश माइकवर ओरडला. दगडूने लिव्हर ओढली. झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या पॅलेटवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा असलेला दिपेशशेठ गाडीच्या फोर्कवरून संथपणे चढत पहिल्या मजल्याइतक्या उंचीवर पोचला. क्रेनला लटकलेला भला मोठा हार त्याच्या गळ्यात पडला आणि खाली ताशेवाले पेटले.

मानपाड्यात आजवर हार वर जायचा आणि माणूस खाली उभा राहून त्यात मान घालायचा. पण यंदा शेजारच्या गावात कुणावर तरी जेसीबीने फुलं उधळली होती आणि तेव्हापासून दिपेशच्या पोटात दुखत होतं. जमिनीवरचा वाढदिवस आता त्याला पुरणार नव्हता. दगडूची गाडी त्याला आयतीच सापडली. जुन्या टेम्पोच्या मागे भंगारातल्या फोर्कलिफ्टचा सांगाडा बसवून दगडूने ती स्वतः बनवली होती. माल उचलायचा, रस्त्याने न्यायचा आणि तिकडे उतरवायचा, सगळं एकाच गाडीने. आज मालाच्या जागी शेठ होता, एवढाच काय तो फरक.

ताशे थांबल्यावर दगडूने इंजिन बंद केलं. लिव्हरचा दांडा उपसला आणि सगळ्यांच्या देखत शेजारच्या नाल्यात भिरकावून दिला. कंपन्यांच्या काळ्या पाण्यात तो दिसेनासा झाला.

"काय केलंस रे ते?" वरून दिपेश म्हणाला. "खाली घे मला."

"आधी एक सांग. माइक आहेच हातात. सर्वेशला बॅनर बांधायला वर कोणी चढवलं?"

सर्वेश दगडूचा एकुलता एक मुलगा. गेल्या वाढदिवसाला याच चौकातल्या लोखंडी सांगाड्यावर दिपेशचा बॅनर बांधताना पडला आणि जागीच गेला. वारा सुटलाय, उद्या बांधतो, असं तो सांगत होता. दिपेशने आईबहिणीवरून शिव्या घालून त्याला वर पाठवला. चौकातल्याच आपल्या वर्कशॉपच्या शेडच्या दारातून दगडूने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पोलिसांना मात्र दिपेश म्हणाला, पोरगा दारू पिऊन आपल्या मनाने चढला. दारू! पोराला तिचा वाससुद्धा सहन होत नसे. पण दगडूची शेड दिपेशच्या जागेत होती आणि दगडूचं पोट शेडवर होतं, म्हणून त्याने वर्षभर तोंड शिवून ठेवलं. काल मात्र याच गाडीने त्याने शेडमधली सगळी मशीनं एकट्याने उचलली आणि खडवलीला नव्या जागेत उतरवून आला. मनात डूख धरून तो आजच्या दिवसाची वाट बघत होता आणि त्याची त्याला तसूभरही लाज वाटत नव्हती.

दिपेशचा उजवा हात असलेल्या बंटीने धावत येऊन दगडूची कॉलर पकडली आणि त्याला टेम्पोवर दाबलं. गाडी हलली. वर पॅलेट करकरलं.

"सोड त्याला, भडव्या! मी पडेन ना इकडून!" दिपेश किंचाळला. बंटीने हात काढला. दिपेशने गळ्यातला हार कसाबसा सावरला आणि आवाज मऊ केला. "काका, कशाला जुनं उकरून काढताय? तो आपल्या मनाने चढलेला. सगळ्यांना माहितीय."

खाली शंभरेक मोबाइल वर धरलेले होते.

"बरं," दगडू म्हणाला. त्याने टेम्पोच्या बाजूला बांधलेली लोखंडी शिडी सोडवली आणि पॅलेटला टेकवली. खाली फुलांचा चिखल झाला होता, शिडी धरल्याशिवाय उभी राहीना. दगडूने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. "उतर मग. मी धरलीय."

"तू बाजूला हो, मी धरतो," म्हणत बंटी पुढे आला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून दिपेशची आई, तुळसाबाय, उठली. या बाईसमोर अख्ख्या गावात कोणाची मान वर होत नसे.

"थांब रं बंटी. ज्यानं चढवला, त्योच उतरवंल."

बंटी मागे सरला. दिपेशने पॅलेटच्या कडेला बसून एक पाय खाली सोडला, पहिली पायरी चाचपली आणि खाली बघितलं. शिडीच्या पायथ्याशी दगडू वर तोंड करून उभा होता. तो रागावलेला दिसत नव्हता. त्याची पापणीही हलत नव्हती. दिपेशने पाय वर ओढून घेतला.

"आये, त्याला नको!" हातात माइक आहे हेच तो विसरला होता. चौकाच्या टोकापर्यंत लावलेल्या सगळ्या स्पीकरांतून त्याचा रडवेला आवाज घुमला. "दुसऱ्या कोणालापण धरायला सांग. त्याला नको, आये!"

तुळसाबायने मुलाकडे पाहिलं. मग दगडूच्या हातांकडे पाहिलं.

"पोरगा आपले मनान चढलेला ना रं?" तिने वर बघून विचारलं. "मंग त्याच्या बापाला कशाला भेतस?"